'डॉजी' (dodgy) हा इंग्रजी शब्द बोलताना कसा वापरायचा

उच्चार डॉजी, 'डॉगी'शी काही संबंध नाही, झालं.

आता अर्थ. "डॉजी म्हणजे संशयास्पद, पाठ करून टाका" असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. ब्रिटिश माणूस 'डॉजी नी' म्हणतो तेव्हा त्याचा गुडघा काय संशयास्पद असतो का, गुडघ्याने कुठे चोरी केलीय? तो गुडघा कधी दगा देईल सांगता येत नाही, बस एवढंच. म्हणजे ज्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही ते सगळं डॉजी: लूज वायरिंग, मधेच तुटणारं वायफाय, वास येणारं चिकन, अनोळखी नंबरवरून आलेली लिंक. वस्तूंना बिनधास्त लावा, कोणी काही म्हणणार नाही.

खरी गोची माणसांपाशी आहे आणि मला स्वतःला इथेच सगळ्यात जास्त वेळ लागला. वस्तू डॉजी म्हणजे बिघडलेली, पण माणूस डॉजी म्हणजे थेट लबाड, त्याच्या व्यवहारात कुठेतरी पाणी मुरतंय असा सरळ आरोप. एप्रिल २०१६ मध्ये ब्रिटिश संसदेत मजूर पक्षाचे खासदार डेनिस स्किनर यांनी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांना 'डॉजी डेव्ह' म्हटलं, तेव्हा पनामा पेपर्सवरून, म्हणजे परदेशी कंपन्यांत ठेवलेल्या पैशांच्या फुटलेल्या कागदपत्रांवरून, कॅमेरॉन कुटुंबाच्या पैशांची चर्चा चालू होती, स्पीकर जॉन बर्को म्हणाले शब्द मागे घ्या, तर स्किनरनी तोच शब्द परत वापरला आणि उरलेल्या दिवसासाठी त्यांना सभागृहाबाहेर काढलं. हलकाफुलका शब्द म्हणे!

म्हणून बोलायच्या आधी एकच बघा, दोष यंत्राचा आहे की कोणाच्या हेतूचा. 'डॉजी ब्रेक्स' म्हणजे ब्रेक नीट लागत नाहीत, पण 'डॉजी अकाउंट्स' म्हटलं की हिशेब लिहिणाऱ्यावर बोट गेलंच, तिथे वस्तूचं नाव घेतलं म्हणून सुटका नाही. आणि बरं वाटत नसेल तर "आय फील अ बिट डॉजी" म्हणा, त्यातलं 'फील' गाळून "आय ॲम डॉजी" म्हणालात तर समोरचा आपलं पाकीट चाचपेल. 'अ बिट' पण सोडू नका, त्याने धार कमी होते, ब्रिटिश लोक उगाच लावत नाहीत ते.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये हाच शब्द सर्रास चालतो. अमेरिकन लोकांना कळतो, पण ते स्वतः जास्त करून 'स्केची' किंवा 'शेडी' म्हणतात.

तुलना करायची तर डॉजियर, डॉजिएस्ट.

ऑफिसच्या ईमेलमध्ये किंवा तक्रारीच्या पत्रात मात्र नको, तिथे नक्की काय बिघडलंय ते सरळ लिहा, नुसतं डॉजी लिहिलं तर रिपेअरवाला परत फोन करून विचारणारच की नेमकं झालंय काय.