कार्ड रीडर वायरवाला घ्यायचा का बिनवायरचा? त्याआधी या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीपासनं होटगी रोडपर्यंत ऑफिसांतले कॉम्प्युटर बघत फिरतो मी. स्मार्ट कार्डानं लॉगिन, म्हणजे चिपवालं कार्ड रीडरला लावून वर पिन टाकला की कॉम्प्युटर उघडतो, अशा ठिकाणाहून फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "ओ, कार्ड घेईना झालंय." बिचाऱ्या कार्डाचा बहुतेक वेळा काही दोष नसतो.

"वायरलेस द्या" एवढंच सांगून विकत घेणं

वायरलेस म्हणून दोन वेगळ्या वस्तू विकतात. एक टॅपवाला, म्हणजे कार्ड वर ठेवायचं, आत घालायचं नाही. हा चालतो 13.56 मेगाहर्ट्झवर, कार्ड चार-पाच सेंटीमीटरच्या आत लागतं, आणि गंमत म्हणजे याला स्वतःला यूएसबीची वायर असतेच. दुसरा ब्लूटूथवाला, यात बहुतेक वेळा कार्ड आतच घालायचं, फक्त कॉम्प्युटरपर्यंतची वायर गायब, बदल्यात बॅटरी गळ्यात. आणि तुमच्या कार्डात टॅपची सोयच नसेल, नुसती सोनेरी चिपच असेल, तर टॅपवाला आणून काय करणार, पेपरवेट? आधी कार्ड देणाऱ्याला विचारा, मग दुकानात जा.

ब्लूटूथ रीडर घाईत जोडणं

हे माझं दुखणं आहे, म्हणून जरा लांबण लावतो. एका चादरीच्या कारखान्याचं ऑफिस, पाच टेबलं. मालकांचं म्हणणं, टेबलावर वायरी लोंबकळताना पाहुण्यांना दिसायला नकोत. मी म्हटलं मालक, कॉम्प्युटर जागचा हलत नाही, माणूस हलत नाही, मग वायर कुणाला टोचतीय? पण पाच एकसारखे ब्लूटूथ रीडर येऊन पडले होते आणि भाच्यानं दुपारच्या दोन तासांत सगळे जोडूनपण टाकले होते. पाचही एकदम चालू ठेवून. यादीत पाचांचं नाव सेम, फरक फक्त शेवटच्या चार आकड्यांत, आणि ते आकडे रीडरच्या पोटाला बारीक अक्षरात. ते कोण बघतंय!

तर अकाउंटंटचा रीडर जोडला गेला शेजारच्या डिस्पॅचवाल्या पोराच्या कॉम्प्युटरला. दोन-चार दिवस कळलं नाही कारण दोघं आलटून पालटून बाहेर. मग एका सकाळी लाइट जाऊन आली, सगळे कॉम्प्युटर परत सुरू झाले, पोरानं पिन टाकला. चूक. परत टाकला, परत चूक. तिसऱ्यांदा बोटं आपटत टाकला आणि कार्ड ब्लॉक. पण कुणाचं? अकाउंटंटचं, जे रात्रभर रीडरमध्येच राहिलं होतं. स्क्रीनवर नाव ठळक दिसत होतं हो, पण वाचायला वेळ कुणाकडं आहे. अकाउंटंट चहा घेऊन आले तर, "मी कार्डाला हात लावला नाही अन् ब्लॉक कसं?"

चुकलेल्या पिनचा हिशोब कार्डाच्या चिपमध्ये राहतो, रीडरमध्ये नाही, कॉम्प्युटरमध्येपण नाही. म्हणून रीस्टार्ट मारून, रीडर बदलून काही होत नाही, अनलॉक कोडच लागतो. तो कोड असलेलं पाकीट आम्हाला दुपारी तीन वाजता सुताच्या बिलांच्या फाइलीत सापडलं. आणि तो कोडपण मोजूनच चुकवता येतो बरं का, अंदाजानं टाकत बसू नका.

माझी सवय साधी. एक रीडर चालू, बाकी चार बंद, तो जोडला की त्याच्यावर आणि त्याच मॉनिटरच्या कोपऱ्यावर एकाच रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका. मग पुढचा. अर्धा तास जास्त जातो, जाऊ दे. माझं विचाराल तर ब्लूटूथ फक्त मोबाइल-टॅबवर काम करणाऱ्यानं घ्यावा, टेबलावर बसणाऱ्यानं कार्ड आत घालायचा वायरवालाच.

वायरवाल्याच्या तोंडात सूत

मात्र ऑफिस मागाच्या शेडला लागून असेल तर मी पण टॅपवालाच सांगतो. सुताची बारीक धूळ कार्डाच्या फटीत जाऊन बसते, कार्ड अर्धवट टेकतं आणि रीडरचा दिवा लुकलुकत राहतो. तोंडानं फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. मी मुदत संपलेल्या जुन्या कार्डाला पातळ सुती कापड गुंडाळतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाकतो, वायर काढून दोनदा आतबाहेर करतो, वाळू देतो. टॅपवाला लोखंडी टेबलावर तसाच ठेवलात तर पकड कमी होते, खाली लाकडी फळी घाला. पाकिटासकट टॅप करू नका, आत बँकेचं टॅपवालं कार्ड असलं की दोघं भांडतात.

बाकीच्या, पटापट

चार तोंडांच्या स्वस्त यूएसबी हबला प्रिंटर, पेनड्राइव्ह आणि रीडर. नको, रीडर मागच्या पोर्टला सरळ लावा.

थोडा वेळ बसून राहिलं की रीडर गायब होतो? विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवायची टिक काढा.

हजेरीच्या दाराचं 125 किलोहर्ट्झवालं साधं कार्ड लॉगिनला वापरणं. त्यात नुसता नंबर असतो, त्याची नक्कल सहज होते. याला सुरक्षा म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

कार्ड काढल्यावर स्क्रीन लॉक व्हावी म्हणून पॉलिसी लावतात, पण विंडोजमधली स्मार्ट कार्ड रिमूव्हल पॉलिसी नावाची सर्व्हिस सुरूच करत नाहीत. मग लॉक होत नाही.

लाइट गेल्यावर तारीख मागं जात असेल तर आधी मदरबोर्डचा सेल बदला, कार्डातलं सर्टिफिकेट, म्हणजे तुमची डिजिटल ओळख, मुदतीसाठी तारीख बघतं. डोमेनवर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन ऑफिसच्या एकाच सर्व्हरवरनं होत असेल, तर घड्याळात पाच मिनिटांच्या वर फरक पडला तरी लॉगिन अडतं.

पिन कार्डाच्या कव्हरवर लिहिणं. काय बोलू.

आणि रिमोट डेस्कटॉप. घरून सर्व्हरवर शिरता तेव्हा तुमच्या हातातल्या कॉम्प्युटरचा रीडर तिकडं दिसतो, सर्व्हरला लावलेला दिसत नाही, रिमोट डेस्कटॉप तसाच चालतो, बिघाड नाही. गेल्या आठवड्यात एकानं सर्व्हरचा रीडर दिसेना म्हणून सर्व्हरला आणखी एक नवीन रीडर आणून लावला. आधी एक दिसत नव्हता, आता दोन दिसत नाहीत.