रक्तदाब आणि हृदयासाठी वनौषधी: काय घ्यावं, कसं घ्यावं, काय टाळावं

वनौषधींचा हृदयाला उपयोग होतो का, याचं उत्तर प्रत्येक वनस्पतीसाठी वेगळं आहे. काहींचा परिणाम माणसांवरच्या चाचण्यांत नीट मोजला गेला आहे. काहींचं नाव मोठं, पण हाती फारसं लागत नाही. आणि काही चक्क जीवघेण्या आहेत. म्हणून एक नियम आधीच ठरवून टाका: एका वेळी एकच वनस्पती, ठरलेल्या मापात, आणि सुरू करण्याआधी व नंतर रक्तदाबाची लेखी नोंद. पाच-सहा गोष्टी एकत्र उकळून काढा घेतला, तर गुण कशाने आला ते कळत नाही. अंगावर पुरळ उठलं किंवा चक्कर आली, तर नेमकं काय बंद करायचं तेही कळत नाही.

छातीत दुखणं किंवा जड वाटणं, हाताकडे वा जबड्याकडे जाणारी कळ, अचानक लागलेला दम, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एकाच पायाला अचानक सूज येऊन पोटरी दुखणं, यांपैकी काहीही झालं तर घरी उपाय करत बसू नका. तडक रुग्णालय गाठा.

आधी मोजमाप

यंत्र दंडावर पट्टा बांधायचं घ्या. मनगटावरच्या यंत्राचे आकडे हाताच्या स्थितीनुसार फार हलतात. पट्टा दंडाच्या घेराला बसणारा हवा, आखूड पट्टा रक्तदाब आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पावलं जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पायावर पाय टाकला तरी आकडा चढतो. हात टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर आणि हृदयाच्या पातळीत. मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा, फक्त बरा दिसणारा नव्हे.

असं सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, सात दिवस करा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढा. पुढची सगळी तुलना या सरासरीशी करायची. वरचा आकडा 180 च्या किंवा खालचा 120 च्या पुढे असेल, तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

लाल अंबाडीचा चहा

सौम्य वाढलेल्या रक्तदाबासाठी सुरुवात करायची तर आमची पहिली पसंती हिलाच. वापरायची ती फुलाच्या बुडाशी असलेली लाल, मांसल आवरणं, सुकवलेली. हिबिस्कस चहा म्हणून विकतात तो बहुधा याचाच, पण पाकिटावर घटक वाचून घ्या. कुंडीतली जास्वंद ही तिची नातेवाईक असली तरी वनस्पती वेगळी आहे. इथलं माप तिला लावू नका.

2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 65 जण होते. कपात 240 मिली उकळतं पाणी, त्यात 1.25 ग्रॅम अंबाडी, सहा मिनिटं झाकून ठेवायची, असे दिवसाला तीन कप, सहा आठवडे. चहा घेणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी 7 अंकांनी उतरला, नुसतं त्या चवीचं पेय घेणाऱ्यांचा जेमतेम 1 ने. हेच माप घरी पाळता येतं. चमच्याचा अंदाज नको, कारण आवरणं अख्खी आहेत की चुरा, यावर चमच्यात मावणारं वजन बदलतं. छोट्या डिजिटल काट्यावर दिवसाचे पावणेचार ग्रॅम एकदम मोजून ठेवा.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. अर्क बराच आंबट असतो, ॲल्युमिनियमच्या भांड्यात धातू त्यात उतरतो. आंबटपणा मारायला साखर ढकलली, तर ज्यासाठी पितो त्यावरच पाणी पडतं. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास दात घासू नका, आम्लामुळे दातांचं वरचं कवच तेवढा वेळ नरम झालेलं असतं. गरोदरपणात हा चहा टाळा. रक्तदाबाची गोळी सुरू असेल तर डॉक्टरांना सांगूनच घ्या. उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर दोन्ही मिळून दाब जास्तच उतरला, असं समजा.

जवस आणि इसबगोल

पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांना सहा महिने रोज 30 ग्रॅम दळलेलं जवस दिलं गेलं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत जवस घेणाऱ्यांचा वरचा दाब दुसऱ्या गटापेक्षा सुमारे 10 अंकांनी कमी होता. एका बीसाठी हा मोठा फरक आहे.

बी दळलेलंच हवं. अख्खं गिळलेलं जवस कठीण सालीमुळे बरंचसं तसंच बाहेर पडतं. पण दळल्यावर त्यातलं तेल लवकर खवट होतं, म्हणून तीन-चार दिवसांपुरतंच दळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. ऑइलपेंटसारखा वास आला किंवा जिभेवर कडवट लागलं, की फेकून द्या. 30 ग्रॅम म्हणजे साधारण चार मोठे चमचे. पहिल्याच दिवशी एवढं घेतलं तर पोट फुगतं आणि माणूस जवसच सोडून देतो. आठवडाभर एक चमचा, पुढच्या आठवड्यात दोन, असं वाढवा. सोबत पेलाभर पाणी हवंच. गोळ्या आणि जवस यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर चिकट तंतू औषधाचं शोषण लांबवतात. आतडं कुठे अरुंद झालेलं असेल तर जवसही नको आणि इसबगोलही नको.

इसबगोलाचं काम कोलेस्टेरॉलवर. रोज 10 ग्रॅम भुशीतून सुमारे 7 ग्रॅम विरघळणारे तंतू मिळतात. निम्मी सकाळी, निम्मी रात्री, दर वेळी किमान 240 मिली पाण्यात ढवळून लगेच प्या. कोरडी भुशी तोंडात टाकून वर घोटभर पाणी प्यायलात, तर ती घशातच फुगून अडकू शकते.

लसूण

लसणातलं मुख्य द्रव्य, ॲलिसिन, अख्ख्या पाकळीत नसतंच. पाकळी ठेचली की आतलं विकर (एन्झाइम) दुसऱ्या एका घटकाला भेटतं आणि मग ते तयार होतं. लगेच गरम तेलात टाकलं तर विकर मरतं आणि खेळ तिथेच संपतो. म्हणून ठेचून दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग वापरा. अख्खी पाकळी गिळणंही वाया जातं, पोटातलं आम्ल त्या विकराला काम करू देत नाही. दिवसाला एक-दोन पाकळ्या, जेवणासोबत. ज्यांचा दाब आधीच वाढलेला आहे त्यांना थोडा फरक दिसतो, ज्यांचा बरोबर आहे त्यांना जवळजवळ नाही.

सोललेल्या पाकळ्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि तिथेच बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढून विष तयार करतात. त्याला वासही येत नाही. असं तेल केलंच तर फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

अर्जुनसाल

अर्जुनाची साल क्षीरपाक करून, म्हणजे दूध-पाण्यात उकळून आटवून घेतात. त्याचं परंपरागत माप म्हणजे औषध एक भाग, दूध आठ, पाणी बत्तीस. 5 ग्रॅम भरड साल, 40 मिली दूध, 160 मिली पाणी, मंद आचेवर दुधाएवढं उरेपर्यंत आटवा आणि गाळून घ्या. साल भरडच हवी. बारीक पूड तळाशी लागते आणि गाळताही येत नाही. सालीतल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे बद्धकोष्ठ होतं आणि लोह शोषलं जात नाही, म्हणून लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा. अर्जुनावरचे बरेच अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. हृदय कमजोर झालेल्या रुग्णाने हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

यांपासून लांब

गुग्गुळ कोलेस्टेरॉल उतरवतो असं मानलं जातं. 2003 च्या एका चाचणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उलट किंचित वाढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ आलं. हॉथॉर्न या काटेरी परदेशी झुडपाचा अर्क 2,681 हृदयरुग्णांवर दोन वर्षं तपासला गेला, आणि 2008 च्या निष्कर्षांत मुख्य अपेक्षित फायदा सिद्ध झाला नाही.

ज्येष्ठमध गोडव्यासाठी अनेक तयार काढ्यांत असतं. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात पाणी आणि मीठ साठतं, पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो. रक्तदाबाच्या रुग्णाने पाकिटावर हे नाव शोधायलाच हवं.

कण्हेर, पिवळी कण्हेर आणि डिजिटॅलिस (फॉक्सग्लोव्ह नावाची विषारी वनस्पती) यांना घरात औषध म्हणून हातही लावू नका. डिजिटॅलिसचे गुण इंग्रज डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी 1785 मध्येच लिहून ठेवले होते, पण गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर अगदी थोडं आहे. पानातलं प्रमाणही झाडागणिक बदलतं.

गोळ्या सुरू असताना

वॉरफरिन, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त गोठू न देणारी औषधं चालू असतील, तर लसूण, आलं, हळद स्वयंपाकात चालतील. त्यांच्या कॅप्सूल नकोत, रक्तस्राव वाढू शकतो. हिरड्यांतून रक्त येणं, सहज काळे-निळे डाग पडणं, काळी शौच, ही लक्षणं दिसली तर डॉक्टरांना गाठा. शस्त्रक्रिया किंवा दात काढायचा असेल, तर काय-काय घेता ते डॉक्टरांना आधीच सांगा. वनौषधींच्या गोळ्या आणि अर्क दोन आठवडे आधी थांबवण्याचा सल्ला सहसा दिला जातो.

सहा आठवडे झाले की पुन्हा सात दिवस, त्याच पद्धतीने मोजा. वरच्या आकड्याच्या सरासरीत पाचाहून कमी फरक असेल तर त्यात दम नाही, एवढा चढउतार असाच होत असतो. ती वनस्पती सोडा, दोन आठवडे मोकळे जाऊ द्या, मग दुसरी पाहा. इसबगोल आणि जवस यांचा कोलेस्टेरॉलवरचा परिणाम तपासायला दोन-तीन महिने थांबून रक्ततपासणी करा. फरक चांगला पडला, तरी गोळी कमी करायची की नाही ते तुम्ही ठरवू नका. नोंदींची वही डॉक्टरांपुढे ठेवा.