माळ्यावरची थंडी: माझा अनुभव

राधानगरीजवळ आमचा ऊस आहे. दाजीपूरच्या जंगलातनं गवे उतरतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीत रात्रभर माळ्यावर, म्हणजे शेतातल्या उंच मचाणावर, राखणीला बसावं लागतं. शिकारीला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे, आणि ते बरोबरच आहे. बॅटरी मारायची, डबा वाजवायचा, बस्स.

दोन जाड स्वेटर घालूनही पहाटे तीनला दात वाजायचे. चूक निघाली आतल्या सुती बनियनमध्ये. बांधावरून भरभर चालत आलं की ते घामानं भिजायचं आणि बसल्यावर गार फडक्यासारखं पाठीला चिकटायचं. आता चालताना अंगात एकच शर्ट. माळ्यावर चढलो की कोरडं बनियन, मग सैल लोकरी स्वेटर, वर वारा अडवणारं जर्किन. लोकर दमटली तरी ऊब धरते, सुती कापड धरत नाही.

पायांत दोन-दोन मोजे कोंबले की बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही, बोटं आणखी बधिर होतात. म्हणून एकच लोकरी मोजा आणि एक नंबर मोठा बूट. बुडाखाली आजोबांचं घोंगडं चौघडी करून घालतो. फळ्यांच्या फटीतनं येणारा गारवा तिथंच अडतो. कानटोपी मात्र एका कानावरून वर सरकवलेली, उसाची पानं मोडल्याचा आवाज आला पाहिजे.