‘कळतंय का?’ असे रुग्णाला विचारू नका

इंटर्नशिप संपवून मेडिसिन विभागात निवासी डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा मज्जासंस्थेची तपासणी आपल्याला येते अशी माझी प्रामाणिक समजूत होती. गुडघ्यावर ठोकायचा हॅमर धरता येत होता, क्रॅनियल नर्व्हज (मेंदूतून निघणाऱ्या नसा) क्रमाने म्हणता येत होत्या आणि अंतिम वर्षाच्या परीक्षेत लाँग केसही (एका रुग्णाची सविस्तर तपासणी) नीट पार पडली होती. ती समजूत दुसऱ्याच महिन्यात, आमच्या युनिटच्या ॲडमिशनच्या दिवशी मोडली. आज वॉर्डात नव्याने उभ्या राहणाऱ्या मुलामुलींना तीच चूक करताना पाहते, तेव्हा मला अजूनही त्रास होतो. म्हणून हे लिहीत आहे.

रुग्ण पन्नाशीचे होते. दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. तीन महिन्यांपासून पाठ दुखत होती आणि दोन आठवड्यांपासून पाय जड झाले होते. हिस्टरी मी मन लावून घेतली. ‘चालताना चप्पल पायातून निसटते आणि घरी आल्यावर दिसतं, की एका पायात चप्पलच नाही,’ असे ते म्हणाले आणि त्यांचे वाक्य मी जसेच्या तसे उतरवून घेतले. मग पिन घेऊन पायापासून छातीपर्यंत टोचत गेले. ‘काका, इथे कळतंय का?’ ‘हो मॅडम.’ ‘इथे?’ ‘हो.’ ‘आणि इथे?’ ‘हो, हो.’ केसपेपरवर मी ‘सेन्सरी सिस्टीम नॉर्मल’, म्हणजे संवेदना ठीक, असे लिहिले आणि पाठदुखी व पायांतली अशक्ती जुळवून कंबरेच्या एमआरआयचा फॉर्म भरून टाकला.

रात्री वरिष्ठ निवासी डॉक्टर राउंडला आले. चपलेच्या वाक्यावर त्यांचे बोट थांबले. मला काही न बोलता ते खाटेजवळ गेले, काकांना डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, ‘टोचलं की “टोचलं” म्हणा, नुसता हात लागला की “हात” म्हणा.’ त्यानंतर त्यांनी पिन हवेत तशीच धरली आणि ‘आता?’ असे विचारले. काकांनी लगेच उत्तर दिले, ‘टोचलं.’

पिन त्यांच्या अंगाला लागलीच नव्हती.

काका खोटे बोलत नव्हते, हे आधी नीट समजून घ्या. सरकारी रुग्णालयात चार तास ताटकळून खाट मिळालेला माणूस डॉक्टरला ‘नाही’ म्हणायला कचरतो. ‘कळतंय का’ या प्रश्नात अपेक्षित उत्तर दडलेले असते आणि रुग्ण ते आदराने तुम्हाला परत करतो. शिवाय बधिर भागावर पिन दाबली, तरी काहीतरी लागल्याचे बहुतेकदा समजते; ते टोकदार आहे की बोथट, एवढेच समजत नाही. म्हणजे त्यांचा ‘हो’ एका अर्थी खराही होता. टोचण्याची संवेदना आणि स्पर्शाची संवेदना मज्जारज्जूतून वेगवेगळ्या वाटांनी वर जातात, हे मला पाठ होते. पण मी विचारलेला प्रश्न त्या दोन वाटा वेगळ्या करतच नव्हता.

त्या रात्री शिकलेली पद्धत मी आजही तशीच वापरते. आधी पिन रुग्णाच्या कपाळावर किंवा छातीच्या हाडावर लावून ‘हे सोळा आणे टोचणं’ असे ठरवून घ्यायचे. वयस्क माणसांना आण्यांची भाषा चटकन उमगते, तरुणांना शंभर रुपये म्हणा. मग डोळे मिटायला सांगून पावलापासून वर यायचे आणि प्रत्येक ठिकाणी ‘किती आणे?’ एवढेच विचारायचे. टोचण्याची लय एकसारखी ठेवू नका, कारण रुग्ण तालावर उत्तरे देऊ लागतो. मध्येच पिनेचे बोथट टोक लावा आणि एखाद्या वेळी काहीच लावू नका. जिथे चार आण्यांचे एकदम सोळा होतात, तिथे पेनाने रेघ ओढा आणि तीच रेघ दुसऱ्या बाजूने व पाठीवरून पडताळून पाहा. इंजेक्शनची सुई कधीही वापरू नका, ती त्वचा कापते. आणि एका रुग्णाची पिन दुसऱ्याला लावू नका.

काकांची रेघ छातीच्या हाडाचे खालचे टोक आणि बेंबी यांच्या मधोमध उमटली. मज्जारज्जूच्या छातीच्या (डॉर्सल) भागातल्या पातळ्या ‘डी’ने सांगतात: स्तनाग्र डी ४, हाडाचे टोक डी ६, बेंबी डी १०; म्हणजे ही पातळी डी ८ होती. त्यांना कुशीवर वळवले, तेव्हा पाठीच्या मध्यावर एक मणका बोटाला स्पष्ट टोचेल इतका वर आलेला होता. मणक्याच्या क्षयाचा तो कुबड मी पाहिलाच नव्हता, कारण मी पाठ उघडलीच नव्हती. फॉर्म फाडून छाती-पाठीच्या मणक्यांसाठी नवा भरला गेला.

हाच सापळा इतर संवेदनांतही आहे. पायाच्या अंगठ्याची स्थिती तपासताना तो वरून-खालून धरला, तर बोटाच्या दाबावरूनच रुग्णाला दिशा कळते. म्हणून दोन्ही कडांनी धरा. ‘वर’ की ‘खाली’ ही दोनच उत्तरे असल्याने अंदाजानेही निम्मी बरोबर येतात, तेव्हा एकदोन बरोबर उत्तरांवर समाधान मानू नका. थरथर तपासायचा ट्यूनिंग फोर्क (वाजवल्यावर थरथरणारा धातूचा काटा) १२८ हर्ट्झचा घ्या, तो एकदा न वाजवताही हाडावर ठेवा आणि थरथर थांबली की सांगा, असे म्हणा.

मोटर, म्हणजे स्नायूंच्या हालचालीच्या तपासणीबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती हाताला लवकर बसते. जर्क (हॅमरने ठोकल्यावर स्नायूला बसणारा झटका) पाहताना पायाकडे न पाहता स्नायूकडे पाहा. जर्क येत नसेल, तर दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगा आणि त्याच क्षणी ठोका. बाबिन्स्कीने १८९६ मध्ये नोंदवलेली प्लँटरची खूण (तळवा ओरखडल्यावर पायाचा अंगठा वर जाणे) आपल्याकडच्या शेतात राबलेल्या, भेगाळलेल्या तळव्यांवर पुष्कळदा मिळत नाही. अशा वेळी पावलाच्या बाहेरच्या कडेने, घोट्याखालून ओढून पाहा. एवढे मात्र पक्के लक्षात ठेवा, की प्रौढ माणसात मज्जारज्जू पहिल्या लंबर (कंबरेच्या) मणक्यापाशी संपतो. जर्क वाढलेले आणि प्लँटर वर असणे ही मेंदू किंवा मज्जारज्जूच्या बिघाडाची खूण; ती असताना कंबरेच्या खालच्या मणक्यांत कारण शोधणे चूक आहे. माझ्या केसपेपरवर जर्क वाढलेले लिहिले होते, आणि तरीही मी तो फॉर्म भरला.

गुदद्वाराभोवतीची संवेदना संकोचापोटी टाळू नका. रुग्णाला कारण सांगा, संमती घ्या, पडदा ओढा, सिस्टरांना बोलवा आणि तपासा. लघवीचे विचारायचेही राहू देऊ नका. पाय लुळे पडत चाललेल्या माणसात यात झालेला एका रात्रीचा उशीर नंतर भरून निघेलच असे नाही.

परीक्षेआधी वरिष्ठांकडून वॉर्डातल्या केसेसच्या फाइंडिंग्ज (तपासणीत आढळलेल्या गोष्टी) लिहून घेण्याची जी प्रथा आहे, ती मला मनापासून घातक वाटते. दुसऱ्याने काढलेली पातळी माहीत असली, की आपली पिन त्याच रेघेवर जाऊन थांबते. व्हिडिओ पाहून क्रम कळतो, त्याला माझी हरकत नाही. पण उत्तर देणारा रुग्ण व्हिडिओत नसतो. आणि गुरू निवडता येत असेल, तर लेक्चर छान देणाऱ्यापेक्षा तुमची फाइंडिंग खाटेशी जाऊन स्वतः पुन्हा काढून पाहणारा निवडा.

पहिल्या काही तपासण्यांना तासभर लागेल. लागू द्या. रुग्ण थकला, तर संवेदनांचा भाग सकाळी पुन्हा करा, कारण थकलेल्या माणसाची उत्तरे भरवशाची नसतात. हात वळत नाही म्हणून रडू आलेले माझ्या बॅचमध्ये मी एकटीच नव्हते, आणि आम्हा सगळ्यांचे हात वर्षभरात वळले. जे तपासले नाही, तिथे ‘तपासले नाही’ असे लिहा. त्यात काहीही कमीपणा नाही.

आणि रेघेशेजारी तारीख व वेळ घाला. काकांवर शस्त्रक्रिया झाली, क्षयाची औषधे सुरू झाली आणि रोज सकाळी मी तीच पिन-तपासणी करून जुन्या रेघेखाली नवी रेघ ओढत राहिले. तेराव्या दिवशी ती बेंबीपर्यंत उतरली होती.