नव्या पीसीचा प्रोसेसर तापत होता, त्यावर केलेला उपाय

बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) काहीही न चालवता तापमान 80 अंशांवर, म्हणजे विंडोजचा काही संबंध नाही. प्रोसेसरला थंड ठेवणारा कूलरच त्यावर नीट टेकलेला नाही. वीज तोडून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत काढला. सरळ ओढला तर काही सॉकेटांतून (प्रोसेसर बसतो त्या खाचांतून) तोही उपटून येतो! दोघांमधली, उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट एकाच कडेला दबलेली होती. (कूलरच्या तळाचं संरक्षक प्लास्टिक राहिलंय का, तेही बघावं.) आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसून मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली. स्क्रू तिरप्या जोडीने, थोडे थोडे आवळले. एकच आधी पूर्ण पिळला की कूलर कलतो. कूलरच्या पंख्याची वायर मदरबोर्डवरच्या ‘सीपीयू फॅन’ पिनांवरच हवी. आता रिकाम्या वेळी 40, पूर्ण भाराला 72.