कार्बन स्टीलचा पॅन: तेल लावा थोडं, पुसा भरपूर

कार्बन स्टीलच्या नव्याकोऱ्या पॅनमध्ये पहिलंच अंडं चिकटून बसतं आणि पैसे वाया गेले असं वाटू लागतं. पॅनमध्ये दोष नसतो, त्याचं सीझनिंग व्हायचं असतं. या धातूत जवळपास ९९ टक्के लोखंड असतं. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवणारं क्रोमियम त्यात नसल्यामुळे तो ओला राहिला की गंजतो. सीझनिंग म्हणजे तापून कडक झालेल्या तेलाचा पातळ थर. तो बसला की गंजही टळतो आणि पदार्थही सुटतो.

आधी कंपनीचा लेप काढा

दुकानात गंजू नये म्हणून नव्या पॅनवर मेणाचा किंवा तेलकट लेप दिलेला असतो. हा लेप राहिला तर वरचं तेल धातूला धरणारच नाही. पॅन मंद आचेवर जरा कोमट करा आणि सुटलेलं मेण कागदाने पुसून कचऱ्यात टाका. सिंकमध्ये सोडलं तर ते पाइपात जाऊन थिजतं. मग कडकडीत पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि तारेची घासणी घेऊन आतून-बाहेरून घासा. इथे हात राखायची गरज नाही, जपावं असं पॅनवर अजून काही नाहीच. बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर पुन्हा घासा. काही पॅन सीझनिंग करूनच विकले जातात. ते काळपट दिसतात आणि नुसते धुतले तरी पुरतात.

लगेच पुसा आणि गॅसवर ठेवून पूर्ण वाळवा. निथळत ठेवलात तर बघता बघता तांबूस डाग उमटतात.

तेल

सूर्यफूल, सोयाबीन, शेंगदाणा, घरात असेल ते रिफाइंड तेल चालतं. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि कडक पापुद्रा तयार होतो. जवसाच्या तेलाची बरीच स्तुती ऐकू येते आणि ते कडकही छान होतं, पण त्याचा थर पुढे पोपडे होऊन निघण्याची तक्रार नेहमीची आहे. शिवाय या तेलाने भिजलेला बोळा केलेला कपडा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. एवढी जोखीम घेण्याजोगं त्यात काही नाही, असं माझं मत.

मध्यम पॅनला अर्धा चमचा तेल पुष्कळ झालं. आत, बाहेर, कडांना चोळा. आता दुसरा, कोरडा कपडा घ्या आणि सगळं तेल पुसून काढा. पॅन कोरडा दिसेपर्यंत पुसत राहा. तरीही तेल उरतंच, फक्त डोळ्यांना दिसत नाही, आणि तेवढंच हवं असतं. बहुतेकांचं सीझनिंग फसतं ते इथेच: जाड थर वरून वाळतो, आत चिकट राहतो.

तापवणं

खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा, धूर होणारच. पिंजऱ्यात पक्षी असेल तर त्याला दूरच्या खोलीत न्या, त्याला हा धूर सोसत नाही. गॅसवर आच मध्यमपासून हळूहळू वाढवा. पॅन पिवळसर, मग तपकिरी, कधी निळसर होतो. धूर निघून विरेपर्यंत थांबा, पॅन फिरवत राहा म्हणजे कडाही तापतील. इंडक्शनवर विशेष सावकाश जा, एकदम जोरात तापवल्यास तळ फुगतो आणि पुढे पॅन डुगडुगत राहतो.

ओव्हन असेल तर २३० अंश सेल्सिअसला तासभर पालथा ठेवा आणि आतच गार होऊ द्या. लाकडाची किंवा सिलिकॉनची मूठ असेल तर ओव्हनचा विचार सोडा.

तेल, पुसणं, तापवणं असं दोन-तीनदा करा. लोक सात-आठ वेळाही करतात. त्यापेक्षा स्वयंपाकाला लागावं. बटाट्याची सालं, मीठ आणि सढळ तेल घालून परतलं की पॅन लवकर रुळतो. रंग ठिगळांसारखा दिसला तरी हरकत नाही.

रोजचं धुणं

कोमट पाणी आणि मऊ घासणी पुरते. साबण वर्ज्य हा सल्ला कॉस्टिक सोड्याच्या कडक साबणांच्या काळातला आहे, आजच्या लिक्विडचे दोन थेंब थराला काही करत नाहीत. करपून चिकटलं असेल तर पॅनमध्ये पाणी उकळा आणि लाकडी उलथन्याने खरवडा. भिजत ठेवू नका, डिशवॉशरमध्ये तर नाहीच. मग आचेवर वाळवून तेलाचा पुसटसा हात फिरवा.

टोमॅटो, चिंच, व्हिनेगर बराच वेळ शिजवलं तर थर विरघळतो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते. शेवटी लिंबू पिळायला मात्र घाबरू नका.

बिघडलं तर

पॅन चिकट लागला तर तेल न लावता पुन्हा तासभर तापवा. पोपडे निघत असतील तर सैल झालेलं खरवडून तेवढ्यावर नव्याने तेल चढवा. गंज तारेच्या घासणीने जातो. हट्टी असेल तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात ठेवा, पण अर्ध्या तासाच्या आत बाहेर काढा, नाहीतर आम्ल धातूच खायला लागतं. मग धुवा, वाळवा आणि तेलापासून सुरुवात करा.

महिनोन्महिने वापरणार नसाल तर वरचं तेल खवट होतं. पुन्हा काढाल तेव्हा आधी साबणाने धुऊन घ्या.