२५ जुलैला फादर दिब्रिटो वाचताना

वसईचे धर्मगुरू आणि मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले २५ जुलै २०२४ला. वर्षाने आमच्या आळीत आम्ही त्यांची स्मरणसभा भरवली. नऊ वक्ते, हार घातलेला फोटो, भाड्याचा माईक. पत्र्याच्या मांडवावर पाऊस असा कोसळत होता की मागच्या दोन रांगांना काही ऐकूच आलं नाही. उस्मानाबादला २०२० साली ते ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हे पाच जणांनी सांगितलं. त्यांनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराला, ‘सुबोध बायबल’ला, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे सहा जणांनी. फादरांनी लिहिलेलं एक पान मात्र कुणीच वाचलं नाही. वक्त्यांची यादी मीच केली होती. रात्री खुर्च्या रचताना मला रडू आलं.

नोव्हेंबरात आम्ही पुन्हा बसलो, या वेळी नुसतं वाचायला. ते जमलं. तुमच्याकडे करायचं असेल तर कसं करायचं ते सांगते.

आधी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. २५ जुलै हा प्रेषित संत याकोबाचा सण, त्यामुळे त्या दिवशी वाचनं सणाचीच होतात, मृतांसाठीची नाही. फादरांचं नाव मिस्सेच्या हेतूत, म्हणजे ती ज्यांच्यासाठी अर्पण होते त्यांत, घेतलं जातं. चर्चच्या (पॅरिश) ऑफिसात ते बरंच आधी नोंदवा. आयत्या वेळी गेलं की दुसऱ्या कुणाचा हेतू आधीच लागलेला असतो. आणि सणाची वाचनं म्हणून हिरमुसू नका. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातला मातीच्या भांड्यातल्या ठेव्याचा उतारा त्या दिवशी येतो. मत्तयच्या विसाव्या अध्यायात जब्दीच्या मुलांची आई येशूकडे आपल्या पोरांसाठी उजव्या-डाव्या हाताची जागा मागते, तीही गोष्ट येते. ज्याला मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं, हे येशूचं उत्तर. एवढे मानसन्मान वाट्याला आलेल्या धर्मगुरूसाठी मला याहून चांगलं वाचन निवडता आलं नसतं.

फोटो वेदीवर ठेवू नका. बाजूला साध्या टेबलावर ठेवा, जवळ त्यांची पुस्तकं मांडा. आपण फादरांसाठी प्रार्थना करतो, फादरांकडे नाही. चर्चमध्ये कुणाच्या संतपदाची प्रक्रिया सुरू करायलासुद्धा साधारणपणे मृत्यूनंतर पाच वर्षं जावी लागतात. लोकांचं प्रेम मोठं असतं, कुणी हात जोडून काही मागू लागलं तर सगळ्यांदेखत टोकू नका. नंतर बाजूला घेऊन समजावा.

काय वाचायचं हे ठरवायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले, आणि ते लागू द्यावेत. सुरुवात ‘सुबोध बायबल’पासून करा. त्यातला एक लहान उतारा घ्या आणि शेजारी घरातलं जुनं मराठी बायबल ठेवा. तोच उतारा आधी जुन्यातून वाचा, मग फादरांच्या भाषांतरातून. आम्ही योहानाच्या बाराव्या अध्यायातला गव्हाच्या दाण्याचा उतारा घेतला होता, जमिनीत पडून मेला तर पुष्कळ पीक देणारा तो दाणा. पहिल्या वाचनाला शेजारची सातवीतली मुलगी चप्पलचा पट्टा ओढत बसली होती. दुसऱ्या वाचनाला तिने मान वर केली आणि शेवटपर्यंत खाली घातली नाही. फादरांनी बायबल मराठीत पुन्हा आणण्यासाठी एवढी वर्षं का घातली असतील, ते मला तेव्हा कळलं.

‘नाही मी एकला’ या आत्मचरित्रातली पानं वडीलधाऱ्यांकडे द्या. त्यांना ती वसई ठाऊक असते. वाचता वाचता ते थांबतात आणि पुढचं स्वतःच सांगू लागतात. सांगू द्या. ‘ओॲसिसच्या शोधात’ हे प्रवासवर्णन तरुण मुलांना चांगलं जमतं.

पण खरा ठेवा घरात असतो. १९८३ ते २००७ फादर ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. तेवढ्या वर्षांचे अंक आपल्याकडे माळ्यावर, पेटीत, कपाटाच्या तळाशी पडून आहेत. मी आईची पत्र्याची पेटी उघडली. पिनांना गंज चढून प्रत्येक अंकाच्या मधोमध दोन तांबूस डाग पडले होते. एका पानाच्या समासात पेन्सिलने काढलेला लहानसा क्रूस दिसला, मग दुसऱ्या अंकात, मग तिसऱ्या. आई चौथीपर्यंत शिकलेली. अधोरेखित करण्याचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. पटलेल्या जागी ती क्रूस काढायची. नोव्हेंबरात मी त्यातलंच एक पान वाचलं. असा अंक सापडला तर गंजलेली पिन ओढू नका, कागद फाटतो. मागच्या बाजूने सुईने तिचे पाय सरळ करा, अलगद काढा आणि पांढऱ्या दोऱ्याने टाका घाला. पानांचे फोटो खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून घ्या. माणसं अंक उसना देतात, पण काळजीत असतात. त्यांच्याच घरी बसून फोटो काढले तर ती काळजी उरत नाही.

आता प्रत्यक्ष वाचन. जागा स्लॅबची बघा, जुलैत पत्र्याखाली आवाज पोचत नाही. खुर्च्या रांगेत न लावता गोल लावा, माईक लागणार नाही. वाचक सात-आठ, प्रत्येकाला दोन पानं. ती पानं चार दिवस आधी त्यांच्या हातात द्या आणि घरी एकदा मोठ्याने वाचायला सांगा. प्रत्येक वाचनानंतर एक मिनिट गप्प बसायचं. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पान मिटताक्षणी कुणीतरी फादरांची आठवण सांगायला लागतं आणि वाचलेलं मागे पडतं. आठवणी चहाच्या वेळी. प्रमाण मराठी वाचताना अडखळणाऱ्यांना वगळू नका. आमच्याकडे एका आजींनी नातवाकडून पान ऐकलं आणि सगळं सामवेदीत, आमच्या वसईकडच्या बोलीत, सांगितलं. त्या संध्याकाळी सगळ्यात शांतता तेव्हा होती.

जुलै चुकला तर नोव्हेंबर आहे. २ तारखेला सर्व मृतांचं स्मरण असतं, आणि १ ते ८ नोव्हेंबरमध्ये दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी केलेल्या प्रार्थनेला चर्च विशेष कृपा जोडतं. लोक एरवीही कबरी धुवायला, मेणबत्त्या लावायला येतातच, त्याच संध्याकाळी त्यांना वाचनाला बोलवा.

एक गोष्ट पुस्तकाबाहेरची. वसईची हिरवाई वाचवायला उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात फादर पुढे उभे राहिले, आणि माती-पाण्यासाठी लढणं त्यांनी कधी धर्मापासून वेगळं काढलं नाही. म्हणून डिसेंबरात एका रविवारी आम्ही मिस्सेनंतर जवळच्या बावखलावर, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यावर, गेलो, काठावरचं प्लास्टिक पोत्यांत भरलं आणि तिथेच उभ्याने एक लेख वाचला. अकरा जण होतो. चिखलाच्या हातांनी अंक धरता येईना, तेव्हा एकाने धरला आणि दुसऱ्याने वाचला.

टेबलावर एक वही ठेवा. अभिप्रायाची नको; त्यात फक्त पुस्तक किंवा अंक, पान आणि वाचणाऱ्याचं नाव लिहायचं. पुढच्या जुलैत त्या वहीतली पानं सोडून नवी निवडा.